लघवीत साखर उतरण्याआधीची वर्षे

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४२, दिवसभर बैठे काम, पाच वर्षांत नऊ किलो वजन वाढलेले, वडिलांना मधुमेह. काही महिन्यांपासून जेवणानंतर ग्लानी येते, मानेची मागची त्वचा काळवंडली आहे आणि एका नातेवाइकाच्या ग्लुकोमीटरवर सकाळी उपाशीपोटी ११८ हा आकडा आला. मात्र तहान वाढलेली नाही आणि रात्री लघवीला उठावे लागत नाही. अशा वेळी ही टाइप २ मधुमेहाची सुरुवात समजावी का, आणि ठळक लक्षणे दिसेपर्यंत थांबले तर चालेल का?

दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो : थांबू नये. तहान नाही, लघवी वाढलेली नाही, म्हणून मधुमेह नाही, असे अनुमान काढणारी माणसे मला आठवड्याला दोन-तीन तरी भेटतात, आणि त्यांची चूक समजण्यासारखी आहे, कारण या आजाराचे नावच त्याच्या उशिरा दिसणाऱ्या खुणेवरून पडलेले आहे. लघवीला मुंग्या लागतात हे पाहून जुन्या वैद्यांनी त्याला मधुमेह म्हटले. १६७४ मध्ये थॉमस विलिस या इंग्लिश वैद्याने रुग्णांच्या लघवीची गोड चव नोंदवली आणि १७७६ मध्ये मॅथ्यू डॉब्सनने तो गोडवा साखरेचा आहे हे दाखवून दिले. रक्त तपासण्याचे साधन हाती नसताना लघवी हाच एकमेव पुरावा होता. आज तसे नाही; पण आपल्या मनातली मधुमेहाची प्रतिमा मात्र अजूनही लघवीभोवतीच फिरते.

लघवीत साखर केव्हा उतरते हे एकदा नीट समजून घेतले की बाकीचा विषय सोपा होतो. मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातली जवळजवळ सगळी साखर परत रक्तात घेतात. परत घेण्याच्या या क्षमतेला मर्यादा आहे. रक्तातली साखर साधारणपणे १८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेली की उरलेली साखर लघवीत जाते, जाताना पाणी ओढून नेते, लघवीचे प्रमाण वाढते, शरीरातले पाणी कमी होते आणि मग तहान लागते. मधुमेहाचे निदान मात्र उपाशीपोटी १२६ या आकड्यावर होते. म्हणजे ज्याची साखर सकाळी १३५ असते आणि जेवणानंतर १७० ते १८० पर्यंत जाऊन खाली येते, त्याला मधुमेह असू शकतो आणि तरीही त्याला ना तहान जाणवते, ना लघवीचा त्रास. शिवाय वाढत्या वयाबरोबर मूत्रपिंडांची ही मर्यादाही वर सरकते, त्यामुळे साठी-सत्तरीच्या माणसात २०० च्या पुढची साखरही कोणतीच तक्रार न करता राहू शकते.

त्याआधी काय घडत असते? स्नायू, यकृत आणि चरबी या ऊती इन्सुलिनला पूर्वीसारखा प्रतिसाद देत नाहीत. स्वादुपिंड अधिक इन्सुलिन तयार करून ती उणीव भरून काढते आणि ही भरपाई कित्येक वर्षे इतकी चोख चालते की साखरेचा आकडा जवळपास हलत नाही. पुढे इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशी थकू लागतात. प्रथम जाते ती जेवण सुरू होताच इन्सुलिन चटकन सोडण्याची ताकद; म्हणून बऱ्याच जणांत उपाशीपोटीची साखर ठीक दिसत असतानाच जेवणानंतरची साखर उंच चढू लागते. ब्रिटनमधील व्हाइटहॉल अभ्यासगटाने सरकारी कर्मचाऱ्यांच्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासून २००९ मध्ये दाखवले की पुढे मधुमेह झालेल्यांची साखर बराच काळ संथपणे वाढत होती आणि निदानाआधीच्या सुमारे तीन वर्षांत तिने एकदम उसळी घेतली. ब्रिटनमध्येच १९७७ मध्ये सुरू झालेल्या आणि १९९८ मध्ये मुख्य निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या यूकेपीडीएस या अभ्यासात नव्याने निदान झालेल्या रुग्णांची बीटा पेशींची कार्यक्षमता निदानाच्या दिवशीच जवळपास निम्म्यावर आलेली होती, आणि त्यांच्यापैकी सुमारे निम्म्यांत डोळे, नसा, हृदय अशा कोठे ना कोठे इजा झाल्याच्या खुणाही होत्या. दृष्टिपटलावरील बदलांवरून मागे हिशेब करत १९९२ च्या एका विश्लेषणाने असा अंदाज बांधला की आजार निदानाच्या किमान ४ ते ७ वर्षे आधी सुरू झालेला असतो. तेव्हा प्रश्न ‘मला लक्षणे आहेत का’ असा नसून ‘या चार ते सात वर्षांत माझे शरीर काही सांगत होते का’ असा विचारायला हवा. ते सांगत असते. फक्त मधुमेहाच्या नावाने सांगत नाही.

तुमच्या मानेपासूनच सुरुवात करतो, कारण तुम्ही लिहिलेल्या तक्रारींत मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच. मानेच्या मागे, काखेत, जांघेत त्वचा गडद, जाडसर आणि हाताला मखमलीसारखी लागत असेल, तर तिला ॲकॅन्थोसिस नायग्रिकन्स म्हणतात. रक्तात इन्सुलिनचे प्रमाण दीर्घकाळ जास्त राहिले की ते त्वचेच्या पेशींना वाढीचा संदेश देऊ लागते आणि त्वचेच्या घड्यांत तो असा उमटतो. म्हणजे साखर अजून आवाक्यात असताना, केवळ स्वादुपिंडाची ओढाताण सुरू आहे म्हणून, ही खूण दिसू शकते. खऱ्या अर्थाने आगाऊ सूचना म्हणता येईल अशा फार थोड्या खुणांपैकी ती एक आहे. दुर्दैवाने बहुतेक जण तिला मळ किंवा उन्हाचा परिणाम समजतात, घासून घासून त्वचा सोलतात आणि गोरेपणाची मलमे लावत वर्ष-दोन वर्षे घालवतात. मळ ओल्या कापडाने निघतो, हा काळेपणा निघत नाही. मानेवर, काखेत बारीक लोंबते कोंब, ज्यांना स्किन टॅग म्हणतात, तेही अनेकदा याच्या सोबतीने येतात. मात्र ते निरोगी माणसांतही सर्रास आढळतात, म्हणून एकट्या स्किन टॅगवरून मी निष्कर्ष काढत नाही. एक अपवाद सांगून ठेवतो : वजन कमी होत असलेल्या, उतारवयातल्या व्यक्तीत असा काळेपणा काही आठवड्यांत झपाट्याने पसरला, तळहातांवर किंवा तोंडात दिसला, तर त्याचे कारण क्वचित पोटातला कर्करोगही असू शकतो, आणि तेथे वेगळ्या तपासण्या लागतात.

याच काळातल्या इतर खुणा आरशात नव्हे, जुन्या अहवालांत सापडतात. नोकरीच्या वेळी किंवा विम्यासाठी केलेल्या तपासणीत ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) वाढलेले, एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) कमी, पोटाच्या सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’ असा शेरा, रक्तदाब काठावर, ही चौकडी एकत्र दिसली की तिच्या मुळाशी बहुधा इन्सुलिनला न जुमानणाऱ्या ऊतीच असतात. प्रत्येक आकडा स्वतंत्रपणे ‘थोडासाच जास्त’ असतो, म्हणून प्रत्येक वेळी दुर्लक्षित राहतो. फाइल उघडून ते सगळे एका कागदावर उतरवून पाहा. मी रुग्णांना नेहमी हे करायला लावतो, आणि त्या कागदाकडे पाहून अनेकांचा चेहरा बदललेला मी पाहिला आहे. वजनापेक्षा कंबरेचा घेर अधिक बोलका असतो, कारण त्रास देणारी चरबी आतड्यांभोवती आणि यकृतात साठलेली असते. दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांत कमी वजनालाही मधुमेह होतो, म्हणून त्यांच्यासाठी कंबरेची मर्यादा पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर, तर बीएमआयची, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणाऱ्या आकड्याची, मर्यादा २५ ऐवजी २३ धरली जाते.

जेवणानंतरच्या ग्लानीबद्दल मात्र मी तुम्हाला थोडा निराश करणार आहे. लोक या लक्षणाला फार महत्त्व देतात, पण ते अत्यंत सैल लक्षण आहे. अपुरी झोप, रक्तक्षय, थायरॉइडची कमतरता, नैराश्य किंवा नुसते पोटभर जेवण, यांपैकी कशानेही ते येते. साखर खरोखर बरीच वाढलेली असेल तर थकवा येतो हे खरे, कारण पेशींना इंधन मिळत नाही आणि शरीरातले पाणीही कमी होते. परंतु ११८ च्या आसपासच्या साखरेने माणूस गळून जात नाही. तुम्ही रात्री मोठ्याने घोरत असाल आणि सकाळी ताजेतवाने वाटत नसेल, तर झोपेत श्वास अडण्याचा विकार आहे का, हे पाहावे. तो स्वतःच ग्लानीचे कारण असतो आणि मधुमेहाची जोखीमही वाढवतो. याउलट, जेवणानंतर तीन-चार तासांनी एकाएकी हात थरथरणे, घाम, कासावीस करणारी भूक आणि काही खाल्ले की दहा मिनिटांत बरे वाटणे, असे वारंवार घडत असेल तर ते मी अधिक गांभीर्याने ऐकतो : उशिरा आणि जादा सुटलेले इन्सुलिन साखर गरजेपेक्षा खाली खेचते तेव्हा असे होऊ शकते, आणि काही जणांत तो पुढच्या मधुमेहाचा ओनामा असतो.

आता साखर प्रत्यक्ष वाढू लागल्यानंतरच्या खुणा. येथे माझी स्वतःचीच एक चूक सांगणे योग्य होईल. वैद्यकीय व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात पन्नाशीतले एक गृहस्थ शिश्नाच्या टोकाशी खाज, लालसरपणा आणि त्वचेला चिरा या तक्रारी घेऊन माझ्याकडे आले. बुरशीचा संसर्ग स्पष्ट होता. मी मलम दिले, ते बरे झाले. दोन महिन्यांनी पुन्हा तेच, पुन्हा मलम. तिसऱ्या खेपेला मी साखर तपासली, ती ३१० निघाली. बुरशीला साखर आवडते, ही गोष्ट मी परीक्षेत लिहिली होती, पण समोरच्या माणसात मला ती दिसली नाही. तेव्हापासून माझा नियम आहे : योनिमार्गाचा किंवा शिश्नाचा बुरशी-संसर्ग, मूत्रमार्गाचा संसर्ग, गळवे, घड्यांमधले नायटे, हिरड्यांची सूज, यांपैकी काहीही वर्षात दोनदा झाले की औषधाच्या चिठ्ठीबरोबर साखरेच्या तपासणीची चिठ्ठी जाते. संकोचामुळे या तक्रारी लोक सांगत नाहीत, परस्पर मलम आणून लावतात, आणि त्यामुळे निदानाची एक चांगली संधी हातची जाते. पुरुषांतील लैंगिक दुर्बलतेचेही तसेच आहे. ती मानसिक आहे असे गृहीत धरून गप्प बसण्याऐवजी साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तपासावे, कारण बारीक रक्तवाहिन्या आणि नसा जेथे आधी बिघडतात त्यांपैकी ती एक जागा आहे.

दृष्टी हे प्रकरण थोडे फसवे आहे. साखर वर-खाली होते तशी डोळ्यातल्या नैसर्गिक भिंगातील पाण्याची मात्रा बदलते, भिंगाचा आकार बदलतो आणि चष्म्याचा नंबर काही आठवड्यांत हलतो. ज्याला दूरचे अंधुक दिसू लागले आहे किंवा जवळचे अचानक चष्म्याशिवाय वाचता येऊ लागले आहे, त्याने खूश होण्याआधी साखर पाहावी. उपचार सुरू झाल्यावरही दृष्टी चार ते सहा आठवडे अस्थिर राहते, म्हणून त्या काळात नवा चष्मा करून पैसे वाया घालवू नयेत. हा धूसरपणा आणि दृष्टिपटलाची इजा या निराळ्या गोष्टी आहेत. दृष्टिपटलाची इजा सुरुवातीला काहीच जाणवू देत नाही, त्यामुळे टाइप २ मधुमेहाचे निदान होताच, दृष्टी उत्तम असली तरी, बाहुली रुंद करून डोळ्यांची आतून तपासणी करायची असते.

पायांचे म्हणाल तर, दोन्ही तळव्यांत सारख्या प्रमाणात मुंग्या, आग, टोचल्यासारखे वाटणे किंवा पायाखाली कापूस असल्याचा भास, आणि हे सगळे रात्री अंथरुणावर पडल्यावर वाढणे, हे नसांच्या इजेचे रूप आहे. ते बोटांच्या टोकांपासून सुरू होते आणि मोजा चढवावा तसे वर सरकते. पूर्वमधुमेहाच्या, म्हणजे साखर वाढलेली पण मधुमेहाच्या सीमेखाली असण्याच्या, टप्प्यातही ते काही जणांत आढळते. एकाच पायात, कंबरेपासून कळ येत असेल तर ते बहुधा मणक्याचे दुखणे असते. जीवनसत्त्व ब-१२ ची कमतरता आणि मद्यपान यांमुळेही दोन्ही पायांत अशीच तक्रार येते, तेव्हा तपासणीत तेही पाहावे लागते. खांदा जखडणे, बोट वाकल्यावर अडकून राहणे, मनगटातली नस दबून हाताला मुंग्या येणे, या तक्रारीही मधुमेहींत इतरांपेक्षा अधिक दिसतात. खांद्यासाठी व्यायामोपचार घेणाऱ्या पन्नाशीच्या व्यक्तीची साखर तपासलेलीच नाही, असे मला वरचेवर आढळते. जखम रेंगाळण्याबद्दल सर्वांना ठाऊक असते, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही.

यानंतर येतात ती सर्वांना माहीत असलेली लक्षणे : भरपूर लघवी, अनावर तहान, भूक वाढूनही वजन घटणे. ही लक्षणे आली तेव्हा साखर बहुतेक वेळ १८० च्या वर आहे आणि आजार काही वर्षांचा आहे, असे समजून चालावे. रात्री लघवीला उठावे लागते म्हणजे मधुमेहच, असेही नव्हे. प्रोस्टेटच्या वाढीत किंवा मूत्रमार्गाच्या संसर्गात लघवी वारंवार पण थोडी थोडी होते, तर साखरेमुळे होणारी लघवी प्रत्येक वेळी भरपूर असते आणि मागोमाग घसा कोरडा पडतो. तहान भागवण्यासाठी गोड पेये घेतली की साखर आणखी चढते आणि तहान आणखी वाढते, या चक्रात सापडलेली तरुण मुले मी अतिशय वाईट अवस्थेत पाहिली आहेत. वजन घटण्याबद्दल एक वेगळी सूचना : पोट सुटलेल्या माणसाचे वजन प्रयत्न न करता पाच-सहा किलोने उतरले की आसपासचे लोक अभिनंदन करतात, पण ती शरीराने इंधन म्हणून स्वतःचे स्नायू आणि चरबी जाळल्याची खूण असू शकते. सडपातळ व्यक्तीत प्रौढपणी मधुमेह निघाला आणि वजन वेगाने उतरत असेल, तर तो टाइप २ नसून रोगप्रतिकारक शक्तीने बीटा पेशींवर हल्ला केल्याने होणारा प्रकारही असू शकतो, ज्यात इन्सुलिन लवकर लागते. आणि उतारवयात घराण्यात मधुमेह नसताना तो अचानक उपटला, सोबत वजन व भूक दोन्ही घटली, तर स्वादुपिंडाकडे बारकाईने पाहावे लागते.

तहान-लघवीबरोबर उलट्या, पोटदुखी, खोल व जलद श्वास, श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास, गुंगी किंवा असंबद्ध बोलणे, यांपैकी काहीही असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. ती रात्रीच रुग्णालयात नेण्याची वेळ असते.

आता तुमच्या ११८ कडे वळतो. ग्लुकोमीटर हे आधीच निदान झालेल्या माणसाने साखरेवर लक्ष ठेवण्याचे साधन आहे, निदानाचे नाही. २०१३ च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार शंभरच्या वरच्या आकड्यांत यंत्राचे ९५ टक्के निकाल प्रयोगशाळेच्या निकालाच्या १५ टक्के आत-बाहेर असले तरी ते यंत्र उत्तीर्ण ठरते. म्हणजे यंत्रावर ११८ दिसले तर खरा आकडा साधारण १०३ ते १३९ यांच्या दरम्यान कोठेही असू शकतो. एका टोकाला पूर्वमधुमेहाचा उंबरठा, दुसऱ्या टोकाला सरळ मधुमेह. बोटाला गोड पदार्थाचा अंश लागलेला असेल किंवा पट्ट्या जुन्या असतील तर आणखी गोंधळ. तरीही तो आकडा टाकून देण्यासारखा नाही, कारण मान, कंबर आणि वडील यांच्या जोडीने तो आलेला आहे.

प्रयोगशाळेत शिरेतून घेतलेल्या रक्तावर निदानाचे निकष असे आहेत. किमान आठ तासांच्या उपवासानंतरची साखर १२६ किंवा अधिक, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून घेतल्यावर दोन तासांनी २०० किंवा अधिक, एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी तपासणी) ६.५ टक्के किंवा अधिक, अथवा ठळक लक्षणे असताना कोणत्याही वेळची साखर २०० किंवा अधिक, यांपैकी कोणतेही एक म्हणजे मधुमेह. लक्षणे नसतील तर एकाच अहवालावर शिक्का मारायचा नाही, दोन असामान्य निकाल हवेत, मग ते एकाच दिवसाच्या दोन वेगळ्या तपासण्यांचे का असेनात. उपाशीपोटी १०० ते १२५, ग्लुकोजनंतर १४० ते १९९ किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४ हा पूर्वमधुमेह. जागतिक आरोग्य संघटना उपाशीपोटीची खालची सीमा १०० ऐवजी ११० धरते, पण तुमचा आकडा, तो खरा असेल तर, दोन्ही मोजमापांत याच कप्प्यात पडतो. १९९७ पर्यंत अमेरिकेतली मधुमेहाची सीमा उपाशीपोटी १४० होती हेही लक्षात असू द्या : दृष्टिपटलाची इजा त्याच्या बऱ्याच खालून सुरू होते असे दिसल्यामुळे ती १२६ वर आणली गेली.

या तपासण्यांच्या खोडी माहीत नसतील तर चांगला अहवालही चकवतो. तांबड्या पेशींचे आयुष्य सुमारे १२० दिवस असते आणि त्या काळात हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर एचबीए१सी मोजते. लोहाच्या कमतरतेत पेशी जास्त काळ टिकून राहतात, तेव्हा आकडा विनाकारण वर जातो. रक्तस्राव, रक्त चढवणे, थॅलेसेमिया, सिकलसेल किंवा पेशी लवकर फुटण्याचा कोणताही विकार असेल तर तो बहुधा खोटा खाली येतो. म्हणून एचबीए१सीबरोबर हिमोग्लोबिन पाहिल्याशिवाय मी मत देत नाही. उपाशीपोटीच्या साखरेची खोड वेगळी. नळीतल्या रक्तपेशी नळीतही साखर खात राहतात, दर तासाला साधारण ५ ते ७ टक्के. त्यामुळे १३० असलेला नमुना खोलीच्या तापमानाला दोन तास पडून राहिला तर अहवालात ११५ च्या आसपास उतरू शकतो. घरून नमुना गोळा करण्याची सोय चांगली आहे, पण ज्याचे निदान अजून व्हायचे आहे त्याने शक्यतो प्रयोगशाळेत जाऊन रक्त द्यावे.

तुमच्याबाबतीत माझी पसंती ग्लुकोज पिऊन करायच्या चाचणीला आहे. ती कंटाळवाणी आहे, दोन तास बसून राहावे लागते, आणि म्हणूनच ती आजकाल टाळली जाते. पण जेवणानंतरचा बिघाड आधी सुरू झालेला असेल तर तो हीच चाचणी पकडते. घरी जेवून दोन तासांनी दिलेले रक्त तिची जागा घेऊ शकत नाही, कारण तपासणीच्या दिवशी लोक नेमके अर्धपोटी जेवतात. चाचणीआधी तीन दिवस नेहमीसारखे, दिवसाला किमान १५० ग्रॅम कर्बोदके पोटात जातील असे खावे. आठवडाभर कडक पथ्य करून गेलात तर निकाल बिघडू शकतो, तोही उलट दिशेने, कारण कर्बोदकांची सवय मोडलेले शरीर एकदम आलेल्या साखरेला अडखळते. ग्लुकोज पाच मिनिटांत संपवावे, त्यानंतर फेऱ्या मारू नयेत, धूम्रपान करू नये. ताप असताना किंवा स्टेरॉइड चालू असताना ही चाचणी करू नये. लघवीतली साखर तपासून समाधान मानण्यात अर्थ नाही. कारण वर सांगितलेच आहे.

लक्षणे नसताना तपासणी कोणी करावी, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तुमच्या भावंडांसाठी तो महत्त्वाचा आहे. आई-वडिलांपैकी एकाला मधुमेह असेल तर अपत्याला आयुष्यात तो होण्याची शक्यता साधारण ४० टक्के आणि दोघांनाही असेल तर ७० टक्क्यांच्या आसपास मानली जाते. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनची सध्याची शिफारस वयाच्या ३५ पासून सर्वांनी आणि वजन जास्त असून वर सांगितलेली एखादी जोखीम असल्यास त्याआधीही तपासणी करावी, निकाल सामान्य आल्यास दर तीन वर्षांनी आणि पूर्वमधुमेह आल्यास दरवर्षी ती पुन्हा करावी, अशी आहे. पीसीओएस (बीजकोशांचा, पाळी अनियमित करणारा विकार) असलेल्या स्त्रिया, दीर्घकाळ स्टेरॉइड किंवा ओलान्झापिनसारखी मानसोपचारातली औषधे घेणारे, यांनी वयाचा विचार करू नये. आणि गरोदरपणात साखर वाढलेल्या स्त्रिया! प्रसूतीनंतर साखर पूर्ववत होते, बाळाच्या धावपळीत आई स्वतःला विसरते आणि आठ-दहा वर्षांनी थेट मधुमेह घेऊन येते. प्रसूतीनंतर ४ ते १२ आठवड्यांत ग्लुकोजची चाचणी आणि पुढे दर एक ते तीन वर्षांनी तपासणी, हे तिच्या फाइलवर ठळक अक्षरांत लिहिलेले असायला हवे.

निकाल पूर्वमधुमेहाचा आला तर तो ‘थोडासा मधुमेह’ समजून घाबरू नये आणि ‘अजून मधुमेह नाही’ समजून विसरूही नये. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅममध्ये अशा ३,२३४ जणांना सरासरी २.८ वर्षे पाहिले गेले. वजन ७ टक्क्यांनी उतरवणे आणि आठवड्याला १५० मिनिटे झपाझप चालण्याइतका व्यायाम, एवढेच उद्दिष्ट ठेवलेल्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या गोळीने ते ३१ टक्क्यांनी घटले. तुमचे वजन ८० किलो असेल तर ७ टक्के म्हणजे साडेपाच किलो, आणि पाच वर्षांत तुम्ही नऊ किलो मिळवले आहेत. निकाल मधुमेहाचा आला तरी सुरुवातीच्या वर्षांत वजन चांगले उतरवल्यास साखर औषधांशिवाय मधुमेहाच्या सीमेखाली राहिल्याची उदाहरणे भरपूर आहेत. जितकी वर्षे जातात तितकी ती शक्यता आक्रसत जाते.

तेव्हा या आठवड्यात उपाशीपोटीची साखर, ग्लुकोजनंतर दोन तासांची साखर, एचबीए१सी, हिमोग्लोबिन, लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) आणि यकृताचे एन्झाइम एवढ्या तपासण्या करून घ्या, रक्तदाब मोजा, कंबर नाभीच्या पातळीला श्वास सोडून मोजा. मानेला घासणे बंद करा. वजन उतरले की तो काळेपणा हळूहळू फिका पडतो, आणि मी तर रुग्णांना दर तीन महिन्यांनी मानेचे छायाचित्र काढून ठेवायला सांगतो, कारण वजनकाट्यावर विश्वास न बसणाऱ्यांचाही त्या छायाचित्रांवर बसतो. डॉक्टरांकडे जाताना जुने अहवाल तारखेप्रमाणे लावून न्या आणि वडिलांना मधुमेह कोणत्या वयात निघाला हे त्यांना विचारून घ्या. तो वयाच्या पंचेचाळिशीत निघाला असेल, तर पुढच्या तपासणीसाठी तीन वर्षे थांबायला मी तुम्हाला सांगणार नाही, निकाल सामान्य आला तरी.